एका कोयत्याला एक तिकीट

माजलगावच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात, एक वॉटर पार्क आहे. आमच्या गावात त्याला पाण्याची जत्रा म्हणतात. त्या जत्रेचं तिकीट साडेआठशे रुपये झालं असं कानावर आलं, तेव्हा मी भर बैठकीत म्हणाले, "म्हणजे सरकी पेंडीचं अर्धं पोतं की!" बायका खो खो हसल्या. मला हसतात हे मला ठाऊक आहे. पाटोद्याजवळच्या आमच्या डोंगरावरच्या गावात महिलांची दूध संस्था आहे, मी तिची सचिव आहे, आणि जगातली कुठलीही वस्तू पेंडीत मोजायची मला खोड लागली आहे. लेकीच्या लग्नाचा शालूसुद्धा मी साडेतीन पोत्यांचा घेतला होता.

संस्था नफ्यातला थोडा भाग सहलीला बाजूला ठेवते. आधी देवदर्शन झालं, मग पैठणची बाग झाली, आणि तीन वर्षांपूर्वी हा वॉटर पार्क झाला. तेव्हा तिकीट साडेतीनशे होतं आणि ते फाटकावरच काढलं होतं. त्या खेपेला आमची म्हैस व्यायला झाली होती, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको घरीच राहिलो. जाऊन आलेल्यांनी आठवडाभर एकच विषय लावला, लाटांचा. तिथं एक तळं आहे म्हणे आणि त्यात समुद्रासारख्या लाटा येतात. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते ऐकलं आणि मनात धरून ठेवलं. साठीला टेकलेला माणूस. ऊस तोडायला कर्नाटकापर्यंत गेले, पण समुद्र काही त्यांना दिसला नाही. "एकदा लाट अंगावर घ्यायची हाय," असं ते धार काढता काढता सांगायचे, एखाद्यानं काशीला जायचंय म्हणावं तसं.

यंदा पाऊस हुलकावणी देऊन गेला. माघातच टँकर सुरू झाले. अशा साली सहल कशाला, असं म्हणणाऱ्यांत मी पहिली होते. आमच्या चेअरमन चंद्रकलाबाई म्हणाल्या, "मुक्ताबाई, हौसेला मोल नसतं." मी म्हटलं, "मोल नसतं, पण तिकीट असतं!" पण हात वर करायची वेळ आली तेव्हा मी एकटी पडले. वर्षभर उन्हातान्हात शेण-चारा करणाऱ्या बायकांना वर्षातला हा एक दिवस सोडायचा नव्हता, आणि त्यांचंही चूक नव्हतं. घरी येऊन ठराव सांगितला. पुढच्या बाजाराला मालक पाटोद्याहून एक निळी, चकाकत्या कापडाची अर्धी चड्डी घेऊन आले.

तिकिटं काढायचं काम चंद्रकलाबाईंच्या यजमानांनी, गणपत मुकादमांनी, अंगावर घेतलं. उभा जन्म ऊसतोडीच्या टोळ्या नेण्यात गेलेला माणूस, फोनवर बोलणी करण्यात वाकबगार. त्यांनी जो आकडा सांगितला तो माझ्या अंदाजाच्या निम्मा होता. मला कोण आनंद! म्हटलं, मुकादमानं भाव पाडला. पुढच्या बैठकीत मी त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं, आणि मी कौतुक केलं म्हणून मुकादमांनाही खरं वाटलं असावं.

घाट उतरताना

कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, टोळ्या गावी परतल्या, पाडवा झाला, आणि त्या रविवारी आम्ही निघालो. एक बस, बावीस जोड्या. पहाटेची धार काढून, दूध घालून, जनावरं पोरा-सुनांवर सोपवून.

आमच्याकडची जमीन चैत्रात कशी दिसते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. सगळा डोंगर भाजलेल्या पापडाच्या रंगाचा होतो. सीताफळीच्या काटक्या उभ्या असतात, त्यांच्यावर पान नसतं. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड मागं टाकलं, वडवणी गेली, तरी रंग बदलत नव्हता. तेलगाव ओलांडल्यावर कुठं डोळ्यांना हिरवं लागलं. कालव्याच्या कडेचा ऊस. पण त्यातही जागोजागी पानं पिवळी पडून लोळत होती. यंदा धरणातच पाणी नाही तर कालव्याला कुठून?

"ह्या पट्ट्यात लई तोडलाय गं," मालक खिडकीतून बघत म्हणाले. "त्या तिकडं कोपी होती आपली, पाचटाची."

"मला काय सांगता? चुलीला दगड मीच आणलेते," मी म्हटलं.

त्या रानात आम्ही चार हंगाम काढले. पहाटेच्या थंडीत ते तोडायचे, मी मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायची. आज त्याच रस्त्यानं आम्ही इस्त्रीचे कपडे घालून, बसमध्ये बसून, पैसे देऊन खेळायला चाललो होतो. मला त्या दिवशी त्याचं थोडं हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. मालकांनी पायजम्याच्या आत ती निळी चड्डी पहाटेच घालून ठेवली होती. बस हलली की ती सळसळ वाजायची, आणि मी त्यांच्याकडं पाहिलं की ते बाहेर बघायचे.

फाटकाशी

फाटकावर आधी आमच्या पिशव्या तपासल्या. बाहेरचं खाणं यंदापासून आत चालत नाही म्हणे. धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदे, सगळं बाजूला काढून ठेवायला लावलं. आमच्याकडं कुणी शिदोरी घेऊन दारात आलं तर वर ताक वाढतात. इथं शिदोरीलाच दारात बसवलं. मी मनात म्हटलं, चला, सुरुवात झाली.

मग तिकीट खिडकीतली पोरगी म्हणाली, "काका, बुकिंग बावीसचं आहे. तुम्ही तर दुप्पट आहात."

मुकादम म्हणाले, "बावीसच हाईत की. मोजा तुमी. ह्यो एक, ह्यो दोन," असं म्हणत त्यांनी एकेका जोडप्याकडं बोट दाखवलं.

"म्हणजे दोघांना एक?"

"मग? आमच्याकडं जोडीला एकच धरत्यात."

"इथं माणशी धरतात, काका."

वाचकांना हा घोटाळा उलगडून सांगायला हवा. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, आणि त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. आगाऊ उचल कोयत्याला, कोपी कोयत्याला, मजुरी कोयत्याला. टोळी किती जणांची असं कुणी विचारत नाही, किती कोयत्यांची असं विचारतात. मुकादमांच्या तोंडून जन्मभर दुसरा हिशोब निघाला नाही. पार्कवाल्यांनी फोनवर विचारलं किती, त्यांनी सांगितलं बावीस. आणि मी, दुधाच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारी सचिव, निम्मा आकडा बघून खूश झाले! मीही त्याच मोजणीत वाढलेली. बावीस जोड्यांना बावीस, यात मला काही खटकलंच नाही.

आगाऊ काढलेली तिकिटं परत होत नव्हती. वर बावीस काढायची तर फाटकावर रविवारचा भाव हजार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. एवढे पैसे कुणाच्याच खिशात नव्हते, आणि संस्थेच्या खात्यातून मी ते कुणाला काढू दिले नसते. मुकादमांचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं बे," ते शेजारच्या माणसाला म्हणाले, आणि त्या अवघ्या दिवसात ते पुन्हा मोठ्यानं बोलले नाहीत.

आता जोडीतलं कुणीतरी एक आत जाणार. कुणी?

मग जे झालं ते बघून माझं डोकं फिरलं. एकेक बाई हातातलं तिकीट नवऱ्याकडं करायला लागली. "तुमी जावा, आमी बसतो सावलीला." "मला काय करायचंय पाण्यात?" "माझं पाय दुखत्यात." बैठकीत ज्यांनी माझ्याविरुद्ध तावातावानं हात वर केले होते, त्याच ह्या बायका. आणि पुरुषमंडळी "बघ बरं, नंतर म्हणशील" असं म्हणत तिकीट घ्यायला लागली होती.

मी ओरडलेच. "कावून देता गं? संस्था कुणाची हाय? दूध कुणाच्या नावावर जातं? सभासद तुमी, पैसा तुमच्या नफ्यातला. तिकीट सभासदाचं! बायका आत जातील, गडीमाणसं बाहेर."

मग सुमन, धनगराची सून, आमच्यात वयानं सगळ्यात लहान, तिनं नवऱ्याच्या हातातलं तिकीट हळूच काढून घेतलं. "अक्का म्हणत्यात ते बराबर हाय," ती म्हणाली. एकेक करत सगळी तिकिटं परत बायकांच्या हातात आली.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. माझ्या शेजारी मालक उभे होते. एवढ्या माणसांत ज्याला खरोखर आत जायचं होतं, तो एकच माणूस. आणि जिला ही सगळी उधळपट्टी वाटत होती, तिच्या हातात तिकीट.

मी हळू आवाजात म्हटलं, "हजार रुपये हाईत माझ्याकडं. तुमच्यापुरतं काढू का?"

"सगळे बाहेर बसणार आन मी आत? न्हाई. शोभत न्हाई."

"मग माझं घ्या. मी सांगते सगळ्यास्नी, माझ्या पोटात दुखतंय."

ते हसले. "आत्ताच कायदा केलास, आन आत्ताच मोडतीस? जा. धपाट्याकडं कोण बघणार?" असं म्हणून त्यांनी शिदोरीची पिशवी खांद्याला लावली आणि पार्किंगमधल्या लिंबाखाली जाऊन बसले. चालताना ती चड्डी सळसळत होती. मला रडू यायला झालं होतं, पण बाकीच्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, म्हणून मी पुढं झाले.

आत

तिकीट साडेआठशे, पण तेवढ्यावर भागत नाही हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. लुगड्यात पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचे कपडे भाड्यानं घ्यावे लागतात, सामान ठेवायच्या कपाटाचं भाडं वेगळं, आणि खायचं आतच घ्यायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खिचडीची एक ताटली घेतली तर तेवढ्या पैशांत आमच्याकडं घरच्या सगळ्यांना पुरेल एवढी डाळ आली असती. आम्ही चौघींत एक घेतली आणि घास घास खाल्ली.

त्या कपड्यांत एकमेकींना बघून आम्ही आधी पोट दुखेस्तोवर हसून घेतलं. चंद्रकलाबाई गुडघ्यापर्यंतच्या हिरव्या चड्डीत! त्या म्हणाल्या, "आता मला चेअरमन म्हणू नका, लाज वाटती."

तळ्यात उतरण्याआधी अंगावर पाणी घ्यायचा नियम आहे. त्यासाठी बायकांचे वेगळे फवारे आहेत. लोक तिथं दोन मिनिटं उभे राहतात आणि पुढं जातात. आमची सुमन फवाऱ्याखाली गेली आणि बाहेरच येईना. बघते तर तिनं केस सोडलेले, आणि दोन्ही हातांनी डोकं चोळत होती. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. कुणीतरी कंबरेच्या पिशवीतून शिकेकाईची पुडी काढली. ती पुडी तिनं घरून कशासाठी आणली होती हे मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. टँकरच्या पाण्यात आधी जनावरं, मग स्वयंपाक, मग पुरुषांची आणि पोरांची अंघोळ. उरलं तर आमचं. शिवरात्रीनंतर मी तांब्या मोजून डोक्यावर पाणी घेतलं होतं. इथं वरून धार पडत होती आणि ती संपत नव्हती.

सगळ्यांनी न्हाऊन घेतलं. एकमेकींच्या पाठी चोळल्या. बाहेर रांग लागली, पहाऱ्यावरची बाई दार वाजवायला लागली, "अहो ताई, खेळ पुढं आहेत, इथं काही नाही!"

आतून सुमन ओरडली, "बाई, आमचं पैसं हितंच वसूल झालं!"

त्या पहाऱ्याच्या बाईशी नंतर मी बोलत बसले. ती जवळच्याच वस्तीवरची. मी विचारलं, एवढं पाणी येतं कुठून? ती म्हणाली, "बोअरचं हाय, तेच गाळून गाळून वापरत्यात. यंदा वरून विकतही घेतलं." तिच्या वस्तीवर नळ आठवड्यानं येतो. ती दिवसभर पाण्यात भिजणाऱ्या माणसांना राखते आणि घरी जाऊन हंड्यांची रांग धरते.

"तिकीट एवढं कसं वाढवलं?" मी विचारलं.

"पाणी इकत, लाइट म्हाग. माणसं कमी झाली म्हणून वाढवलं, आन वाढवलं म्हणून अजून कमी झाली." तिनं खांदे उडवले. "पुढल्या साली काय करत्यात कुणास ठाऊक."

मला पार्कवाल्याचा राग येईना, आणि त्याची बाजूही घेता येईना. खर्च वाढला की त्याला फाटकावर नवा आकडा लावता येतो. आमची पेंड महाग झाली म्हणून दुधाचा भाव आम्ही आमच्या हातानं वाढवलाय, असं कधी झालं नाही. तो भाव दुसरंच कुणी ठरवतं आणि आम्ही तो फळ्यावर लिहितो. आणि एवढं असूनही ह्या दुष्काळात आमच्या बायकांना पोटभर डोक्यावरून पाणी कुठं मिळालं, तर विकतच्या जागी. हे बरं की वाईट, मला अजून सांगता येत नाही.

मग आम्ही लाटांच्या तळ्याकडं गेलो. भोंगा वाजतो, आणि पलीकडच्या भिंतीतून लाटा सुटतात. पहिल्या लाटेनं मला सरळ खाली बसवलं. नाकातोंडात पाणी गेलं. सुमननं हात धरून उठवलं, दुसरी आली, तिनं दोघींना पाडलं. आम्ही किंचाळत होतो, लहान पोरींगत. काही वेळानं लाटा थांबल्या आणि बाकीच्या बायका घसरगुंडीकडं पळाल्या. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं.

मी तिथंच राहिले. छातीएवढ्या पाण्यात पाठ टेकली तर पाण्यानं मला उचललं. कान पाण्याखाली गेले. भोंगा पुन्हा वाजला तो लांबून आल्यासारखा वाटला. वर नुसतं आभाळ होतं, त्यात ढगाचा ठिपका नव्हता, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. लाट यायची, मला वर घ्यायची, खाली ठेवायची. कुणी हाक मारत नव्हतं. कुठली मोळी बांधायची नव्हती, कुठली चरवी भरायची नव्हती. तो भोंगा थांबला, मी पुढच्याची वाट बघत बसले. तोही झाला, मग त्याच्या पुढच्याची. चंद्रकलाबाईंनी येऊन माझा दंड धरला तेव्हा उन्हं उतरायला लागली होती.

तेलगावचा चहा

बाहेर पुरुषमंडळींनी सगळे धपाटे संपवले होते आणि लिंबाखाली पत्ते खेळून एकमेकांवर रुसून बसली होती. बसमध्ये बायकांचा आवाज थांबेना आणि पुरुषांचा निघेना. सकाळच्या उलटं.

तेलगावला चहाला थांबलो. आम्ही दोघं बाकावर बसलो. मालकांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "लाटा कशा हाईत?"

मी सांगितलं. भोंगा वाजतो, भिंतीतून लाटा येतात, थोडा वेळ चालतात, मग बंद.

"म्हंजे भोंग्यावर येत्यात?"

"हो."

"आन पाणी? खारट?"

"गोडं."

ते जोरात हसले. "मग ह्यो कसला समुद्र? ह्यो कारखाना झाला, पाळीवर चालणारा. बरं झालं, न्हाई गेलो ते." आणि चहाचा घोट घेऊन ते रस्त्याकडं बघत राहिले. माझ्यासाठी ते हे म्हणत होते, हे मला कळत होतं. मी माझा ओला टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तो न विचारता उचलला, तोंडावरून, मानेवरून फिरवला. "गार हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पुढच्या साली तिकीट किती का होईना, तुमी जायचं. मी बसते बाहेर."

"एकट्यानं?" ते म्हणाले. "न्हाई बा. एकट्यानं काय मजा येती? तुला तरी आली का, खरं सांग."

ऊस असो, गोठा असो, लेकीचं लग्न असो, आम्ही सगळं जोडीनं केलं. त्यांना वाटत होतं मी त्या पाण्यात त्यांच्यासाठी झुरत असेन. मी टॉवेल पिळला, त्यातून अजून पाणी निघालं. "तुमच्याशिवाय कसली मजा," मी म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं.

आता लोक विचारतात, मुक्ताबाई, साडेआठशे रुपये वसूल झाले का? पेंडीत सांगा. मी त्यांना सांगते, महाग आहे, विचार करून जा. पण त्या दुपारी, त्या तळ्यात, एवढे भोंगे वाजले आणि थांबले, आणि मला मालकांची एकदासुद्धा आठवण आली नव्हती. एवढं सुख मला उभ्या जन्मात झालं नव्हतं.